पालवणकर बाळू : मैदानावरचा मान आणि मैदानाबाहेरचा प्रश्न

आपल्या शाळेच्या मैदानावर दररोज सायंकाळी क्रिकेटचे डाव रंगतात. खेळ संपला की सारी मुले एकाच नळावर पाणी पितात आणि एकाच पंगतीत जेवायला बसतात. त्यात कोणालाही विशेष काही वाटत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र भारतातील एका श्रेष्ठ गोलंदाजाला हे साधे सुख लाभले नव्हते. त्यांचे नाव पालवणकर बाळू.

बाळूंचा जन्म 1876 साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ गाव कोकणातील पालवण. वडील लष्करी सेवेत असल्यामुळे कुटुंब पुण्यास आले. तेथे पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात झाडलोट करणे आणि खेळपट्टीवर रोलर फिरवणे हे बाळूंचे पहिले काम होते. महिना तीन रुपये पगार. पुढे 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात लागले. तेथे सरावासाठी जाळ्या लावता लावता ते साहेबांना गोलंदाजी करू लागले. त्यांच्या डावखुऱ्या फिरकीवर जे. जी. ग्रेग या नामांकित इंग्रज फलंदाजाने तासन्‌तास सराव केला. आपल्याला बाद केल्याबद्दल ग्रेग त्यांना दर वेळी आठ आणे देत असे, असे सांगतात. मात्र त्या क्लबात बाळूंच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. चेंडू टाकणे हे सेवकाचे काम, तर फलंदाजी हा साहेबांचा मान.

या गोलंदाजाची कीर्ती ऐकून पुण्याच्या हिंदू संघापुढे पेच उभा राहिला. युरोपियनांना हरवायचे तर बाळू हवेत, पण बाळू अस्पृश्य! अखेर त्यांना संघात घेतले गेले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांच्या हाती फिरत असे. चहाच्या वेळी मात्र सवर्ण खेळाडू मंडपात बसत आणि बाळूंना बाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. चेंडूला विटाळ नव्हता, माणसाला होता.

पुढे ते मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याच्या संघाचा आधारस्तंभ झाले. 1906 साली हिंदू संघाने युरोपियनांवर 109 धावांनी विजय मिळवला, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. 1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ वारंवार हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकरांनाही या खेळाडूचा अभिमान वाटत असे.

तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. त्यांचे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही उत्तम खेळाडू होते. 1920 साली विठ्ठल यांचा हक्क डावलला गेला, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि हा अन्याय जातीमुळे होत असल्याचे जाहीरपणे सांगितले. त्यानंतर जिमखान्याला तडजोड करावी लागली आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. वीस वर्षांच्या गुणवत्तेने जे दार उघडले नव्हते, ते भावांच्या ठाम नकाराने उघडले.

आता बाळूंच्या जीवनातील अवघड प्रकरण. 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. स्वतंत्र मतदारसंघांना आणि पुढे धर्मांतराच्या घोषणेलाही त्यांचा विरोध होता. 1937 च्या निवडणुकीत ते मुंबईत काँग्रेसतर्फे थेट बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले. स्वतंत्र मजूर पक्षाच्या बाबासाहेबांना 13,245 मते मिळाली, बाळूंना 11,225. मग अशा माणसाचे स्मरण आपण का करावे, असा प्रश्न वर्गात विद्यार्थी विचारतात, आणि तो विचारलाच पाहिजे.

माझे उत्तर असे आहे. सवर्णांचे मन हळूहळू पालटेल, अशी बाळूंची श्रद्धा होती. टाळ्यांच्या गजरात उभे आयुष्य घालवलेल्या माणसाला असे वाटणे अस्वाभाविक नव्हते. बाबासाहेबांनी मात्र ओळखले होते की टाळ्या म्हणजे हक्क नव्हेत. बाळूंची राजकीय वाट आपण स्वीकारत नाही, पण त्यांच्या घामाचे मोल नाकारणे हा इतिहासावर आणि आपल्याच पूर्वजावर अन्याय ठरेल. बाबासाहेबांचे म्हणणे का खरे होते, हे बाळूंच्या चहाच्या त्या मातीच्या भांड्याइतके स्पष्टपणे क्वचितच दुसरे काही सांगते.

4 जुलै 1955 रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. पुढील वर्षी 14 ऑक्टोबरला नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी बुद्ध धम्म स्वीकारला. तो दिवस पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही. आपल्या वसतिगृहातील मुले आज ज्या मैदानावर नि:शंकपणे खेळतात, त्यावर कोणे एके काळी एका मुलाने रोलर फिरवला होता, असे समजूनच त्यांनी बॅट हाती घ्यावी. खेळात प्रावीण्य मिळवावे, आणि संघ निवडताना कोणाचा हक्क डावलला जात असेल, तर शिवराम आणि विठ्ठल यांच्याप्रमाणे उभे राहावे.