इव्हान पावलोव्ह : घंटेच्या पलीकडे

घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं आणि मेसची घंटा वाजली की आपल्या! हॉस्टेलमध्ये पावलोव्हचं नाव निघतं ते एवढ्या जोकपुरतंच. पण या शास्त्रज्ञाचं चरित्र वाचताना मला सारखं आमचं पोफळी आठवत होतं. का, ते पुढे येईलच.

इव्हान पेत्रोविच पावलोव्ह यांचा जन्म २६ सप्टेंबर १८४९ रोजी रशियातल्या रियाझान गावी झाला. वडील चर्चमध्ये धर्मगुरू. लहानपणी उंचावरून पडून इव्हानला जबर दुखापत झाली, त्यामुळे शाळेत नाव घातलं तेच मुळी अकराव्या वर्षी. मुलानेही धर्मगुरू व्हावं अशी घरच्यांची इच्छा होती. पण विज्ञानाचं वेड लागलं आणि १८७० मध्ये त्यांनी धार्मिक शिक्षण सोडून सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठ गाठलं. १८८१ मध्ये लग्न झालं तरी घरात पैशांची चणचण होतीच. मनासारखी प्रयोगशाळा मिळेपर्यंत चाळिशी उलटली.

त्यांचा मूळ विषय मेंदू नव्हे, पचन. त्याच कामासाठी १९०४ चं नोबेल पारितोषिक मिळालं आणि ते मिळवणारे ते पहिले रशियन ठरले. या प्रयोगांत एक गोष्ट त्यांना खटकत होती. अन्न तोंडात पडायच्या आधीच, नुसता नोकराच्या पावलांचा आवाज आला तरी कुत्र्याची लाळ सुरू व्हायची. दुसऱ्या कुणी याला प्रयोगातला एरर म्हणून सोडून दिलं असतं. पावलोव्ह यांनी उरलेलं आयुष्य या एररवर घालवलं! आधी एखादा आवाज, मग अन्न, असं पुन्हा पुन्हा केलं की आवाजच अन्नाची खूण बनतो. यालाच मानसशास्त्रात अभिसंधान म्हणतात. त्यासाठी त्यांनी घंटेपेक्षा मेट्रोनोम, बझर अशी साधनं जास्त वापरली. बाहेरच्या आवाजाने प्रयोग बिघडू नये म्हणून जाड भिंतींची वेगळी इमारतच उभारली. या कुत्र्यांवर शस्त्रक्रिया होत, त्यांना बराच त्रास सोसावा लागे, हेही विसरून चालणार नाही. १९३५ मध्ये संस्थेच्या आवारात कुत्र्याचं स्मारक उभं राहिलं.

मला सगळ्यात जास्त भिडला तो प्रसंग मात्र ठरवून केलेला प्रयोग नव्हता. २३ सप्टेंबर १९२४ रोजी नेवा नदीला मोठा पूर आला आणि लेनिनग्राड शहर पाण्याखाली गेलं. कुत्र्यांच्या खोल्यांत पाणी शिरलं. माणसांनी त्यांना कसंबसं पोहत प्रयोगशाळेपर्यंत नेलं आणि ती वाचली. पण नंतर पाहतात तर काही कुत्री शिकलेलं सगळं विसरलेली! हळूहळू ती पूर्ववत झाली. मग एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून थोडंसं पाणी सोडलं. कुत्रा एकदम बिथरला आणि परत आलेलं शिक्षण पुन्हा गायब.

आता पोफळी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. तीव्रता साडेसहाच्या आसपास, सुमारे १८० माणसं गेली. माझी आजी तेव्हा शाळेत जाणारी पोर. आमच्याकडे लहान धक्के अजूनही बसतात आणि कधी कधी हादऱ्याबरोबर जमिनीतून घुमल्यासारखा आवाज येतो. आजीला सगळं कळतं, तरी कुंभार्ली घाटातून जड ट्रक घरघरत उतरला की ती उठून दाराशी जाते. ट्रक दिसतो, मग परत येऊन बसते. घरातली लहान मुलं तिला हसतात.

हे का होतं? पावलोव्ह यांचा समज होता की असं शिकणं मेंदूच्या वरच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये होतं. इथे ते पूर्ण बरोबर नव्हते. १९८० च्या दशकात अमेरिकेत जोसेफ लेडू यांनी उंदरांवर प्रयोग केले. आवाज, मग पायाला हलका शॉक. ऐकण्याचा कॉर्टेक्स काढून टाकला तरी उंदीर त्या आवाजाला भ्यायला शिकले. पण कानाकडून येणारा संदेश जिथून पुढे जातो तो थॅलॅमसचा भाग निकामी केला, तर मात्र शिकले नाहीत. कारण थॅलॅमसमधून दोन वाटा फुटतात. एक कॉर्टेक्सकडे, तिथे आवाज नीट ओळखला जातो. दुसरी आखूड, थेट अमिग्डलाकडे, जिथे भीतीची गाठ बसते. गुंतागुंतीचा आवाज ओळखायला कॉर्टेक्स लागतो, साध्या आवाजाला आखूड वाटही पुरते.

आपल्या भाषेत सांगायचं तर वीजघरातल्या रिलेसारखं. फॉल्ट आला की रिले आधी ब्रेकर ट्रिप करतो, कंट्रोल रूममधला माणूस नंतर पॅनेल बघतो. आजीचे पाय दाराशी पोचतात तेव्हा 'अगं, हा ट्रक' हा रिपोर्ट अजून वाटेत असतो.

मग ही भीती पुसता येते का? पावलोव्ह यांनी दाखवलं की नुसता आवाज पुन्हा पुन्हा देत राहिलं, अन्न दिलंच नाही, तर लाळ थांबते. पण काही वेळ मध्ये गेला की तोच आवाज ऐकून ती पुन्हा येते. म्हणजे जुनं पुसलं जात नाही, त्याच्यावर 'आता काही होत नाही' असं नवं शिक्षण बसतं. आवाजाच्या भीतीचंही तसंच आहे. म्हणून धीर देत, हळूहळू सवय करावी लागते. चेष्टा करून काहीच शिकवलं जात नाही.

म्हातारपणीही पावलोव्ह रोज प्रयोगशाळेत जात. २७ फेब्रुवारी १९३६ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी ते गेले. मित्रांनो, आपल्या हॉस्टेलमध्येही फटाका वाजला, दार आपटलं की दचकून उठणारं कुणीतरी असतंच. त्याला भित्रा म्हणण्याआधी एवढं लक्षात ठेवू या, की तो घाबरतोय असं ठरवायला त्याला वेळच मिळालेला नसतो.