काले गावची सभा आणि कर्मवीर अण्णा



आज मी तुम्हाला कर्मवीर भाऊराव पाटील यांची गोष्ट सांगणार आहे. सारे लोक त्यांना अण्णा म्हणत.

अण्णांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. आईचे नाव गंगाबाई व वडिलांचे नाव पायगोंडा. शिकण्यासाठी ते कोल्हापुरास गेले व जैन बोर्डिंगात राहू लागले. तेथे असताना ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परत आल्यावर त्यांना शुद्धीसाठी आंघोळ करायला सांगितले. त्यांनी साफ नकार दिला. बोर्डिंग सोडावे लागले, पण ते काही नमले नाहीत.

पुढे त्यांनी नोकरी धरली. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले. शेतकऱ्यांच्या घरी बसले, त्यांची सुखदुःखे ऐकली. नांगर सुधारला तरी पोर अडाणी राहिले तर घर सुधारत नाही, हे त्यांना कळून चुकले.

पण एकट्या माणसाला नुसते कळून काय उपयोग? विहीर काही एका हाताने खणून होत नाही!

१९१९ साली कराड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक समाजाची परिषद भरली. हा समाज महात्मा फुले यांनी १८७३ साली स्थापन केला होता. गोरगरिबांची मुले शिकावीत अशी तळमळ असलेली माणसे तेथे समोरासमोर बसली. भाऊरावांनी बहुजनांच्या शिक्षणासाठी संस्था काढण्याचा विषय मांडला. सर्वांना तो पटला. दसऱ्याच्या दिवशी, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, काले येथेच रयत शिक्षण संस्था जन्मास आली. रयत म्हणजे शेतकरी, कष्टकरी जनता.

१९२४ मध्ये अण्णांनी साताऱ्यात वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले तेथे एका पंगतीत जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव दिले गेले. अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई या मुलांच्या आईच झाल्या. मुलांच्या पोटासाठी त्या माउलीने आपले दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा! १९३० साली त्या वारल्या.

अण्णा मात्र थांबले नाहीत. गाडी नसेल तेथे पायी जात. गाव जमवत, लोकांशी बोलत. मग कुठे देवळात, कुठे चावडीत शाळा सुरू होई. शिक्षक हवेत म्हणून १९३५ साली साताऱ्यास ट्रेनिंग कॉलेज काढले. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल व १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. १९५९ साली सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, एका खेड्यातल्या सभेतून किती शाळा उभ्या राहिल्या पाहा! काले गावी जमलेली माणसे त्या दिवशी आपापल्या घरीच बसली असती तर?

आईबाबांनो, पालकसभेचे बोलावणे आले की आमच्या हाती नुसता निरोप धाडू नका. कामाचा खाडा होतो हे आम्हाला ठाऊक आहे. तरी घटकाभर या, गुरुजींशी व एकमेकांशी बोला. शेजारच्या घरातले एखादे पोर शाळेत येत नसेल, तर त्याच्या वडिलांनाही संगे आणा.

कर्मवीर अण्णांना आमचे विनम्र अभिवादन!

— इयत्ता सातवी