नोकरी गेली अन् सुगरणीच्या खोप्यांनी नाव दिलं : पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली यांची गोष्ट

सुगरणीचा खोपा ज्यानं पाहिला नाही असा शेतकरी सापडणं अवघड. विहिरीवर वाकलेली बाभूळ असो की ओढ्याकाठची शिंदी, पाऊस लागला की तिथं खोपे लोंबायला लागतात. पण दोन गोष्टी बऱ्याच जणांना माहीत नसतात. एक म्हणजे पक्ष्याचं नाव सुगरण असलं तरी खोपा विणतो तो नर. आणि दुसरी, एकाच झाडावर काही खोपे पूर्ण तर काही अर्धवट का असतात, यामागं मोठी गंमत आहे. ती गंमत रायगड जिल्ह्यातल्या अलिबाग तालुक्यात, किहीम गावात बसून एका माणसानं जगाला सांगितली. तेव्हा त्या माणसाकडं ना नोकरी होती, ना विद्यापीठाची मोठी पदवी. त्यांचं नाव डॉ. सलीम अली. १२ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस.

एका चिमणीपासून सुरुवात

सलीम अली यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. भावंडांत ते सगळ्यात धाकटे. वर्षाचे होते तेव्हा वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. खेतवाडीत मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी त्यांना वाढवलं. मामांना शिकारीचा शौक होता. त्यामुळं पोराच्या हातात लहानपणीच छर्ऱ्याची बंदूक आली.

एक दिवस त्यांनी एक चिमणी पाडली. पाहतात तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! नेहमीची घरातली चिमणी अशी नसते. ही कोणती, हे मामांनाही सांगता येईना. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड साहेब. त्यांनी पोराला हाकलून दिलं नाही. चिमणी ओळखून दिली, कपाटं उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. तो दिवस गेला असता तर कदाचित हा मुलगा नुसता शिकारीच झाला असता.

शिक्षणात मात्र मन रमेना. मॅट्रिक कशीबशी झाली. कॉलेज अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, घरच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा बघायला गेले. धंद्यापेक्षा तिथल्या जंगलातच त्यांचा जास्त वेळ गेला. परत आल्यावर मुंबईत हिशेबाचं शिक्षण घेता घेता त्यांनी प्राणिशास्त्राचाही अभ्यास केला. १९१८ साली तेहमिना यांच्याशी लग्न झालं.

सरकारी प्राणिशास्त्र खात्यात पक्षीतज्ज्ञाची जागा निघाली तेव्हा त्यांनी अर्ज केला होता. पण पदवी नाही म्हणून ती मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, गाईड म्हणून नोकरी लागली. लोकांना प्राणी-पक्ष्यांची माहिती द्यायची. पण आपल्यालाच अजून पुरतं कळत नाही, असं त्यांना वाटू लागलं. म्हणून रजा काढून ते जर्मनीत बर्लिनला गेले. तिथं श्ट्रेझमान नावाच्या मोठ्या पक्षीशास्त्रज्ञानं त्यांना मनापासून शिकवलं. पक्ष्याच्या पायात कडी घालून त्याचा प्रवास कसा शोधायचा, हेही ते तिकडंच शिकले.

१९३० मध्ये परत आले तर म्युझियममध्ये पैसा नाही म्हणून ती जागाच बंद झालेली!

किहीमचा पावसाळा

मुंबईत राहून खर्च झेपेना म्हणून दोघं नवरा-बायको किहीमला जाऊन राहिले. समोर समुद्र, मागं भातखाचरं, आणि जवळच सुगरणींची वसाहत. दुसरा कुणी असता तर नशिबाला दोष देत बसला असता. सलीम अली रोज उठून त्या खोप्यांकडं बघत बसले. कोण आलं, कोण गेलं, कोणत्या खोप्याचं काम किती झालं, सगळं वहीत.

त्यातून जे दिसलं ते असं. नर गवताच्या आणि पानांच्या लांब चिंध्या काढून खोपा विणायला घेतो. अर्ध्यावर आला की काम थांबवतो. मग माद्या येऊन खोपे तपासतात, जसं स्थळ बघायला यावं तसं. एखादीला खोपा पसंत पडला की ती तिथं राहते आणि मग नर खालची लांब नळी विणून खोपा पुरा करतो. मादी अंडी उबवायला बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी! असे एका हंगामात एकापाठोपाठ एक संसार. जे खोपे कुणालाच पसंत पडत नाहीत ते तसेच अर्धवट लोंबत राहतात.

त्याआधी सुगरणीच्या संसाराची ही रीत कुणी नीट मांडलेली नव्हती. १९३१ साली हा अभ्यास छापून आला आणि सलीम अलींचं नाव जाणकारांत झालं. यासाठी कोणतं यंत्र लागलं नव्हतं. डोळे, वही आणि चिकाटी, एवढंच भांडवल.

संस्थानं पालथी घातली

पुढं त्यांनी एक युक्ती काढली. संस्थानिकांना कळवलं की तुमच्या राज्यातले पक्षी मी मोजून-नोंदवून देतो, पगार नको, फक्त खर्च द्या. हैदराबाद संस्थानानं होकार दिला. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. नंतर कोचीन, त्रावणकोर, भोपाळ, ग्वाल्हेर, इंदूर. बैलगाडी, तंबू, कंदील असा सगळा संसार घेऊन तेहमिना त्यांच्यासोबत फिरत. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. सलीम अली पुरते खचले. पण काम थांबलं नाही. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं चित्रांसह पुस्तक आलं. ते वाचून कित्येक साधी माणसं पक्षी ओळखायला शिकली. पुढं अमेरिकेचे डिलन रिप्ले यांच्यासोबत भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ त्यांनी पुरा केला. ज्या माणसाला पदवी नाही म्हणून नोकरी नाकारली, त्याला विद्यापीठांनी मानद डॉक्टरेट दिल्या. १९५८ ला पद्मभूषण, १९७६ ला पद्मविभूषण, १९८५ ला राज्यसभेवर नेमणूक. परदेशातून मिळालेल्या मोठ्या बक्षिसाची रक्कम त्यांनी पक्ष्यांच्या कामासाठीच दिली. १९८७ मध्ये त्यांचं निधन झालं.

भरतपूरचा धडा

राजस्थानात भरतपूरला एक मोठं पाणथळ रान आहे. राजेशाहीत तिथं पाहुण्यांसाठी बदकांची शिकार चाले. १९३८ साली व्हाइसरॉयच्या एका शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले, असा तिथल्या दगडावर हिशेब कोरलेला आहे. स्वातंत्र्यानंतर ते तळं आटवून शेती करायची मागणी झाली. तेव्हा सलीम अलींनी थेट पंडित नेहरूंपर्यंत जाऊन ते वाचवलं.

पण याच भरतपूरची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. म्हशींच्या चराईनं पक्ष्यांचं नुकसान होतं, असं सलीम अलींसह अनेक तज्ज्ञांचं मत होतं. १९८२ मध्ये चराईबंदी झाली. ज्यांची जनावरं पिढ्यान् पिढ्या तिथं चरत होती ते गावकरी चिडले, गोळीबार झाला, माणसं मेली. नंतर काय दिसलं? म्हशी गेल्यावर पाणगवत इतकं माजलं की उघडं पाणी कमी झालं आणि पाणपक्ष्यांचीच अडचण झाली. हे सांगितलं सलीम अलींच्याच संस्थेनं, १९८० ते १९९० अशा दहा वर्षांच्या नोंदींवरून. म्हणजे तज्ज्ञ कितीही मोठा असो, शेवटी वहीतली नोंद त्याच्याहून मोठी. आणि गावकऱ्याला आपल्या रानाचं जे कळतं ते विचारल्याशिवाय कायदा केला तर जीव जातात, हेही तितकंच खरं.

आता आपल्या हातात काय?

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसाची, १२ तारीख सलीम अलींच्या. फेब्रुवारीत जगभर चार दिवसांची पक्षी गणना होते. एका जागी किमान १५ मिनिटं थांबायचं, दिसतील ते पक्षी मोजायचे आणि ईबर्ड या मोबाईल ॲपवर टाकायचे. झाडं, किडे, फुलपाखरं यांचे फोटो आयनॅचरलिस्टवर टाकले तर ओळखून देणारी माणसं तिथं भेटतात. शाळेतली पोरं हे खेळासारखं करतात. कुणाच्या गावात जास्त जाती सापडल्या याची चुरस लागते.

ॲप जमत नसेल तरी अडत नाही. या पावसाळ्यात आपल्या विहिरीवरचे खोपे मोजा. पूर्ण किती, अर्धवट किती, झाड कोणतं, तारीख काय, हे वहीत लिहा. खोप्याला हात लावू नका, फांदी वाकवू नका. पुढच्या वर्षी त्याच झाडाखाली परत मोजा. सुगरण दाणे खाते हे खरं, पण पिलांना ती किडे भरवते. विहीर बुजवली, बाभूळ तोडली तर खोपे कुठं जातात, हे कोणत्याही ऑफिसात बसून कळणार नाही. पाच वर्षांच्या नोंदी असल्या तर बाभूळ तोडायची की ठेवायची, हे ग्रामसभेत आकड्यानिशी बोलता येईल.