धवलेचे संपादक डॉ. हिरालाल जैन

श्रुतपंचमीला आपण ज्या षट्खंडागमाचे भक्तिभावाने स्मरण करतो, तो ग्रंथ शंभर वर्षांपूर्वी बहुतेक श्रावकांच्या दृष्टीसही पडलेला नव्हता. पुष्पदंत-भूतबली आचार्यांची सूत्रे आणि त्यांवरील वीरसेनाचार्यांची धवला टीका मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत, जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्रांवर जतन केलेली होती. यात्रेकरूंना केवळ दर्शन घडे, वाचन नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रती करण्यास प्रारंभ झाला खरा, परंतु प्रत बाहेर जाऊ नये असा दंडक होता. तरीही एक प्रत गुप्तपणे उत्तरेत सहारनपूरला पोहोचली आणि तिच्यावरून झालेल्या प्रती पुढे अमरावती, कारंजा व आरा येथे आल्या.

नरसिंहपूर जिल्ह्यातील गांगई गावी 1898 मध्ये जन्मलेले हिरालालजी अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. कारंजाच्या शास्त्रभांडारांतील अपभ्रंश पोथ्या त्यांनीच उजेडात आणल्या. भेलशाचे श्रीमंत सेठ लक्ष्मीचंद्रजी यांच्या दानामुळे धवलेचे काम उभे राहिले व 1939 मध्ये अमरावतीहून पहिला भाग प्रकाशित झाला. सिद्धांतग्रंथ वाचण्याचा गृहस्थांना अधिकार नाही, मग छापण्याचा कोठून, असे मानणारे तेव्हा थोडे नव्हते. पंडितजींनी मंदिर सोडले नाही आणि पोथीही सोडली नाही.

खरी कसोटी त्र्याण्णवाव्या सूत्रावर लागली. मनुष्यिणींची गुणस्थाने सांगणाऱ्या त्या सूत्रात हाती असलेल्या प्रतींत ‘संजद’ हा शब्द नव्हता. पण त्याखेरीज टीकेतील चौदा गुणस्थानांची चर्चा जुळेना. संपादकांनी तो शब्द गळला असावा, अशी टीप दिली. तीन अक्षरांच्या या शब्दाशी स्त्रीमुक्तीचा प्रश्न निगडित असल्याने समाजात मोठे वादळ उठले. वस्तुतः तो भावस्त्रीविषयी आहे की द्रव्यस्त्रीविषयी, हा अर्थाचा वाद वेगळा. पाठ कोणता, हे ताडपत्रच सांगू शकत होते. पुढे मूडबिद्रीच्या अधिकाऱ्यांनी उदारपणे मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्याची सोय करून दिली, तेव्हा तो शब्द तेथे आढळला. ज्या बसदीची कवाडे इतकी वर्षे बंद होती, तिनेच ही साक्ष दिली.

वीस वर्षे हे काम चालले. सोळावा आणि अखेरचा भाग 1959 मध्ये निघाला, तेव्हा पंडितजी वैशालीच्या प्राकृत संशोधन संस्थेचे संचालक होते. 1973 मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने धवलेच्या सुधारित आवृत्त्या काढल्या.