टॉल्कीन : कथेचा धनी आणि कथेचे राखणदार

दिनांक २ सप्टेंबर २०२२ रोजी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज : द रिंग्ज ऑफ पॉवर’ या दूरचित्रवाणी मालिकेचे पहिले दोन भाग भारतातील प्रेक्षकांना पाहावयास मिळाले. ज्या लेखकाच्या ग्रंथावर ही मालिका आधारलेली आहे, त्याचा तो स्मृतिदिन होता. जॉन रोनाल्ड रूएल टॉल्कीन यांनी २ सप्टेंबर १९७३ रोजी इहलोकीची यात्रा संपविली. अ‍ॅमेझॉन कंपनीने २०१७ साली या मालिकेचे हक्क विकत घेतले. त्यासाठी पंचवीस कोटी डॉलर मोजल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. पहिल्याच दिवशी अडीच कोटींहून अधिक लोकांनी मालिका पाहिल्याचे कंपनीने जाहीर केले. आणि त्याच दिवसापासून टॉल्कीन यांच्या वाचकांत जे भांडण पेटले, त्याची धग दुसऱ्या पर्वाच्या वेळी, म्हणजे २०२४ सालीही टिकून होती. मूळ कथेशी द्रोह झाला, असे एका बाजूचे म्हणणे. कथा पुन्हा जिवंत झाली, असे दुसऱ्या बाजूचे.

या भांडणात प्रत्येकजण टॉल्कीन यांना आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभा करतो. तेव्हा हा गृहस्थ होता तरी कोण, हे जाणून घेणे उचित ठरेल. आपल्या वाचकांना तर त्यात अधिक रस वाटावा, कारण टॉल्कीन हे रोज मिस्साबलीला जाऊ पाहणारे श्रद्धावंत कॅथलिक प्रापंचिक होते.

त्यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. वडील आर्थर बँकेत अधिकारी होते. आई मेबल दोन मुलांना घेऊन इंग्लंडला आलेली असतानाच, १८९६ साली, वडिलांचे आफ्रिकेत निधन झाले. मेबल यांनी १९०० साली कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. माहेर युनिटेरियन, सासर बाप्टिस्ट; दोन्हीकडून रोष ओढवला आणि नातलगांकडून मिळणारी आर्थिक मदत आटली. पदरी दोन लहान मुले, हातात पैसा नाही आणि शरीराला मधुमेहाने ग्रासलेले. इन्शुलिनचा शोध अजून लागावयाचा होता. १९०४ च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्या माऊलीने देह ठेवला. आपल्या आईने श्रद्धेसाठी प्राण वेचले, ही भावना टॉल्कीन यांच्या मनात अखेरपर्यंत होती. जे मिळाले आहे ते कोणीतरी फार मोठे मोल देऊन आपल्या हाती ठेवले आहे, ही जाणीव ज्याला बालपणीच होते, तो पुढे एखाद्या कथेतील बारीकसारीक तपशीलही सहजासहजी बदलू देत नाही, असे मला वाटते.

मेबल यांनी मुलांना बर्मिंगहॅम ऑरेटरीचे धर्मगुरू फादर फ्रान्सिस मॉर्गन यांच्या हाती सोपविले होते. ही ऑरेटरी कार्डिनल न्यूमन यांनी स्थापन केलेली. २०१९ साली ते संतपदास पोहोचले. फादर मॉर्गन यांनी पदरचे पैसे घालून मुलांना वाढविले. मात्र रोनाल्ड एडिथ ब्रॅट या मुलीच्या प्रेमात पडल्याचे कळताच, एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत तिला भेटावयाचे नाही आणि पत्रही धाडावयाचे नाही, अशी सक्त आज्ञा त्यांनी केली. मुलाने ती पाळली. ज्या दिवशी एकविसावे वर्ष पुरे झाले, त्याच दिवशी त्याने एडिथला पत्र लिहिले. तोवर तिचा वाङ्‌निश्चय दुसरीकडे झाला होता! तो मोडून, कॅथलिक होऊन, २२ मार्च १९१६ रोजी तिने रोनाल्डशी लग्न केले. त्यानंतर काही महिन्यांतच नवरदेव फ्रान्समध्ये सॉमच्या रणांगणावर होता. त्या लढाईच्या वर्षाने त्यांचे दोन जिवलग शाळासोबती नेले. स्वतः टॉल्कीन खंदकज्वराने आजारी पडून मायदेशी परतले आणि त्या आजारपणात त्यांनी एका प्राचीन, काल्पनिक जगाच्या दंतकथा लिहावयास घेतल्या.

पुढील आयुष्य बाहेरून पाहता प्राध्यापकाचे आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाचे काम, लीड्सचे विद्यापीठ, आणि १९२५ पासून निवृत्तीपर्यंत ऑक्सफर्ड येथे प्राचीन व मध्ययुगीन इंग्रजीचे अध्यापन. चार मुले झाली; थोरले जॉन पुढे धर्मगुरू झाले. निरीश्वरवादाकडून ईश्वराकडे आलेल्या सी. एस. लुईस यांना ख्रिस्ताकडे वळविण्यात १९३१ सालच्या एका रात्रीच्या संभाषणाचा वाटा मोठा होता आणि त्या संभाषणात टॉल्कीन होते.

‘द हॉबिट’ ही बालकादंबरी १९३७ साली निघाली व खपली. प्रकाशकाने पुढचा भाग मागितला. टॉल्कीन यांनी मात्र आपल्या जुन्या दंतकथांचे बाड पुढे केले. हेच बाड नंतर ‘द सिल्मरिलियन’ म्हणून ओळखले गेले. प्रकाशकाला ते नको होते. त्याला हॉबिट हवे होते. मग बारा वर्षे राबून ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहून झाले आणि १९५४-५५ मध्ये तीन खंडांत छापले गेले. मागची कथा, म्हणजे आजच्या भाषेत पूर्वकथा, तशीच पडून राहिली. ती पुरी करण्यात उरलेले आयुष्य गेले, पण ती पुरी झाली नाही. तिच्याविषयी त्यांना एक शंकाही छळीत असे. वाचकाला ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची जी भूल पडते, ती दूरवर दिसणाऱ्या अज्ञात इतिहासामुळे, त्या दूरच्या नगरीत प्रत्यक्ष जाऊन उभे राहिले तर तिची जादू उरेल काय, असे त्यांनी १९६३ सालच्या एका पत्रात विचारले आहे. पूर्वकथेच्या मालिका काढणाऱ्यांनी हे पत्र भिंतीवर लावून ठेवावे!

रूपांतराचा अनुभवही त्यांना हयातीतच आला. १९५८ साली अमेरिकेतून एका चित्रपटाचा आराखडा त्यांच्याकडे आला. त्यावर त्यांनी पानेच्या पाने आक्षेप लिहून काढले. कथेचा काळ आकसून टाकल्यामुळे ऋतूंचे भान हरपले, लढायांना नको तेवढे महत्त्व आले, गरुडांना उगाच जागोजाग उडविले, अशी त्यांची तक्रार होती. प्रवाशांचे बळ टिकविणारी ‘लेंबास’ नावाची एल्फांची भाकर त्या आराखड्यात निव्वळ पौष्टिक अन्नाची वडी बनली होती. तिच्यात ख्रिस्तप्रसादाची छाया आहे, हे जाणणाऱ्या वाचकाला त्यांचा संताप समजू शकेल. आता गंमत पाहा. २०२२ सालच्या मालिकेविरुद्ध वाचकांची पहिली मोठी तक्रार हीच होती : दुसऱ्या युगाचा जवळजवळ साडेतीन हजार वर्षांचा इतिहास एका माणसाच्या आयुष्यात कोंबला. गँडाल्फ मूळ कथेत तिसऱ्या युगात अवतरतो, तो मालिकेने दुसऱ्या युगात आणून ठेवला. मिथ्रिल या धातूची जन्मकथा पदरची रचली. निर्मात्यांकडे ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ व त्याची परिशिष्टे यांचेच हक्क होते, ‘द सिल्मरिलियन’चे नव्हते. तेव्हा मधल्या मोकळ्या जागा भरणे त्यांना भागच होते. कारण खरे असले तरी पुस्तकावर जीव असलेल्याचे समाधान त्याने होत नाही.

एवढ्यावरून टॉल्कीन आज तक्रारकर्त्यांच्या रांगेत उभे राहिले असते, असे कोणी म्हणेल. परंतु याच लेखकाने तरुणपणी स्वप्न पाहिले होते की आपण दंतकथांचा मोठा साचा उभा करावा, काही कथा पूर्ण लिहाव्यात, काहींची केवळ रेखा सोडावी आणि चित्र, संगीत, नाटक जाणणाऱ्या इतर हातांनी त्या भरून काढाव्यात. १९५१ च्या सुमारास एका प्रकाशकाला लिहिलेल्या प्रदीर्घ पत्रात त्यांनी ते सांगितले आहे. स्वतःच्या छापील पुस्तकातही त्यांनी फेरफार केला. ‘द हॉबिट’च्या पहिल्या आवृत्तीत गॉलम आपली अंगठी पैजेचे बक्षीस म्हणून देऊ करतो, १९५१ च्या आवृत्तीत तो प्रसंगच पालटला आणि जुनी हकिकत ही बिल्बोने मारलेली थाप होती, असा खुलासा जोडला गेला. चित्रपटाच्या व्यवहारात तर त्यांचे धोरण रोखठोक होते : एकतर कलेचा मान राखा, नाहीतर भरपूर पैसा द्या. १९६९ साली त्यांनी चित्रपटाचे हक्क विकून टाकले.

गॅलाड्रिएलचा प्रश्न याहून नाजूक आहे. मालिकेतील तलवार घेऊन सूड शोधणारी गॅलाड्रिएल अनेकांना पटली नाही. पुस्तकातील प्रौढ, तेजस्वी राणीमध्ये पवित्र मरियेच्या भक्तीचा अंश आहे, हे टॉल्कीन यांनी १९७१ साली मान्य केले. मात्र त्याच वेळी, ती पूर्वायुष्यात बंडखोर होती व आता पश्चात्तापदग्ध आहे, हेही सांगितले. पुढे १९७३ च्या ऑगस्टमध्ये, मृत्यूला जेमतेम महिना उरला असता, त्यांनी तिला निष्कलंक ठरविणारी नवी हकिकत मांडली. म्हणजे ज्या गॅलाड्रिएलच्या मूळ रूपासाठी लोक भांडत होते, तिचे मूळ रूप तिच्या निर्मात्याच्या हाती अखेरपर्यंत घडतच होते. सूडाने पेटलेली गॅलाड्रिएल मलाही रुचली नाही, हे कबूल करतो. पण बंडखोर गॅलाड्रिएल टॉल्कीन यांना मुळीच ठाऊक नव्हती, असे म्हणता येणार नाही.

या गदारोळात एक गोष्ट मात्र मतभेदाच्या पलीकडची घडली. एल्फ, ड्वार्फ आणि हारफूट यांच्या भूमिकांत इस्माएल क्रूझ कोर्दोवा, सोफिया नॉमवेटे, लेनी हेन्री असे गौरेतर कलावंत दिसताच त्यांच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला. मूळ ग्रंथाशी निष्ठा हे कारण पुढे केले गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये मालिकेच्या कलावंतांनी जाहीर निवेदन काढून त्याचा निषेध केला आणि जुन्या चित्रपटांत हॉबिट झालेले एलायजा वुड आदी नट त्यांच्या पाठीशी उभे राहिले. हारफूट इतर हॉबिटांपेक्षा सावळे होते, असे टॉल्कीन यांनी स्वतः लिहून ठेवले आहे, हे या निष्ठावंतांना आठवले नाही. १९३८ साली एका जर्मन प्रकाशकाने ‘द हॉबिट’च्या भाषांतरापूर्वी त्यांच्याकडे आर्य वंशाची ग्वाही मागितली होती. त्यांनी उत्तराचे दोन मसुदे केले. त्यांपैकी जो आज उपलब्ध आहे, त्यात या वंशविचाराची बोचरी टर उडवून, आपले पूर्वज ज्यू नसल्याची खंत व्यक्त केली आहे. १९५९ साली निवृत्तीच्या भाषणात, जन्मभूमी दक्षिण आफ्रिकेचा उल्लेख करून, वर्णविद्वेषाच्या धोरणाचा तिटकारा त्यांनी ऑक्सफर्डच्या सभागृहात बोलून दाखविला.

वाचकांच्या प्रेमाचा जाच त्यांनी स्वतःही सोसला. १९६५ साली अमेरिकेत एका प्रकाशकाने परवानगीवाचून स्वस्त आवृत्ती काढली, तेव्हा टॉल्कीन यांनी पत्रे लिहिणाऱ्या अमेरिकन वाचकांना ही गोष्ट कळविली. वाचकांनीच ओरड करून त्या प्रकाशकाला मानधन देणे भाग पाडले. कथेच्या राखणदारांचा हा उपकार खरा. पण तेच वाचक मध्यरात्री कॅलिफोर्नियाहून दूरध्वनी करू लागले, दाराशी येऊन छायाचित्रे काढू लागले. १९६८ साली वृद्ध दांपत्याने ऑक्सफर्ड सोडून समुद्रकाठचे बोर्नमथ गाठले. या भक्तिसंप्रदायाविषयी टॉल्कीन यांना कधीच सुख वाटले नाही.

बदल त्यांना जड जात असे, हे खरेच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा इंग्रजीत होऊ लागली, तेव्हा हे आजोबा बोर्नमथच्या मंदिरात लॅटिनमधूनच मोठ्याने प्रतिसाद देत. शेजारी उभ्या असलेल्या नातवाला त्याने अवघडल्यासारखे होई. तथापि नवी मिस्सा नको म्हणून त्यांनी मंदिरात जाणे सोडले नाही. तो नातू, सायमन टॉल्कीन, मोठेपणी कादंबरीकार झाला आणि ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’च्या निर्मात्यांना सल्लागार म्हणून लाभला. धाकटे चिरंजीव ख्रिस्तोफर यांचा मार्ग वेगळा होता. वडिलांच्या कागदांतून त्यांनी १९७७ साली ‘द सिल्मरिलियन’ संपादित करून काढले, त्यानंतर कित्येक खंड सिद्ध केले, आणि चित्रपटांविषयीची नाराजी लपविली नाही. जानेवारी २०२० मध्ये ते निवर्तले. मालिका त्यांनी पाहिली नाही.

एडिथ १९७१ साली गेल्या, दोन वर्षांनी टॉल्कीन. त्यांच्या अंत्यविधीची मिस्सा ज्येष्ठ चिरंजीव फादर जॉन यांनी अर्पण केली. ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट दफनभूमीतील कॅथलिक भागात दोघांची एकच कबर आहे. नावांखाली त्यांच्या कथेतील दोन प्रेमिकांची नावे कोरली आहेत, एडिथखाली लूथियन आणि रोनाल्डखाली बेरेन. दरवर्षी सप्टेंबरच्या सुमारास देशोदेशीचे वाचक ऑक्सफर्डला जमतात. दिवसभर वाद घालतात आणि रविवारी या कबरीपाशी येऊन फुले ठेवतात.