पंडिता रमाबाई आणि ग्रीक भाषा

पंडिता रमाबाई संस्कृत जाणत होत्या हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचले आहे. पण ग्रीक व हिब्रू भाषांवरही त्यांनी उतारवयात मोठी मेहनत घेतली, हे पुष्कळजणींना ठाऊक नसेल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकांनी संस्कृत शिकू नये अशा काळात त्यांनी ब्रह्मवृंदाचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना ती भाषा शिकवली. पुढे आईनेच रमाबाईंना शिकवले. दुष्काळात आईवडील गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला पंडिता ही पदवी दिली. लग्नाला दोन वर्षेही झाली नाहीत तोच पती वारले. पदरी तान्ही मनोरमा होती.

१८८३ साली रमाबाई विलायतेस गेल्या. वैद्यक शिकायचे होते, पण कान अधू झाल्याने ते राहिले. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवीत व स्वतः इतर विषय शिकत. आपल्याकडे संस्कृताला जो मान, तोच तिकडे ग्रीक-लॅटिनला. ऑक्सफर्ड व केंब्रिज विद्यापीठांत ग्रीकची सक्ती होती, ती १९१९-२० च्या सुमारास उठली. ऑक्सफर्डने तर १९२० पर्यंत स्त्रियांना पदवीच दिली नाही.

मायदेशी आल्यावर रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन काढले. पुढे दुष्काळात निराधार झालेल्या मुलींसाठी केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. हे आपल्या नगरजवळचे केडगाव नव्हे. राहुरीहून रेल्वेने दौंडला जावे आणि पुण्याची गाडी धरावी, म्हणजे वाटेत हे केडगाव लागते.

तेथील मुलींना बायबलचे जुने मराठी भाषांतर जड जाई. म्हणून पंचेचाळिशी ओलांडलेल्या रमाबाईंनी मुळावरून नवे भाषांतर करायला घेतले. जुन्या कराराचे मूळ बहुतेक हिब्रूत, नव्याचे ग्रीकमध्ये. नव्या करारातली ग्रीक त्या वेळच्या सामान्य माणसांच्या बोलण्यातली आहे. रमाबाईंनीही संस्कृत शब्द बाजूला ठेवून घरातली साधी मराठी वापरली. एवढ्या मोठ्या पंडितेने हे करावे, यातच त्यांचे मोठेपण दिसते.

आश्रमाचा व्याप सांभाळून हे काम वर्षानुवर्षे चालले. छापखाना आश्रमाचाच, खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच बायका. १९१३ साली नवा करार छापून झाला. १९२१ साली मनोरमा गेली, तरी रमाबाईंनी हातातले काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली निघाला.

धर्म ज्याचा त्याला प्यारा. आपण त्यांची चिकाटी घ्यावी. या वयात शिकून काय करायचे, असे आपल्या मंडळात कोणी म्हटले, तर तिला केडगावची ही गोष्ट जरूर सांगावी. आणि जे शिकू ते शेजारणीला समजेल अशा शब्दांत सांगावे.