आधी बॅट, मग गोल्फची स्टिक

गंगापूरच्या मैदानावर टेनिस बॉलनं सिक्सर मारणाऱ्यांनो, बेब झहारियास हे नाव ऐकलंय? १९११ साली टेक्सासमध्ये, नॉर्वेहून आलेल्या कुटुंबात जन्मलेली मिल्ड्रेड डिड्रिक्सन. बास्केटबॉल खेळली, बेसबॉलही. १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ८० मीटर अडथळ्यांची शर्यत आणि भालाफेक, दोन्हींत सुवर्ण. उंच उडीत रौप्य. मग वळली गोल्फकडे.

कमरेचा झोका, मनगटाची ताकद, चेंडूवरची नजर तिच्याकडे आधीचीच होती. त्यामुळे चेंडू लांब जायचा. पण लांब म्हणजे सरळ नव्हे! बेसबॉलमध्ये चेंडू अंगावर येतो, गोल्फमध्ये निवांत पडलेला असतो. आणि भोकाजवळ ताकद काय कामाची? ते हळुवार काम वेगळं शिकावं लागलं. हातांची सालटी निघेपर्यंत ती सराव करायची. (हा भाग आपण सोयीनं विसरतो.)

१९४७मध्ये ब्रिटिश महिला हौशी स्पर्धा जिंकणारी ती पहिली अमेरिकन ठरली. १९५३मध्ये आतड्याचा कॅन्सर, मोठं ऑपरेशन. पुढच्याच वर्षी, पोटाला पिशवी लावलेली असताना, तिनं अमेरिकेची महिला ओपन १२ फटक्यांच्या फरकानं जिंकली. पण आजार पुन्हा उलटला. २७ सप्टेंबर १९५६ला ती गेली, अवघ्या ४५व्या वर्षी.